एक वगळून

लॅपटॉपवर डेटाबेस बसवणं हे काम मी आयुष्यात इतक्या वेळा केलंय की त्यात आता काही नवल उरलेलं नाही. गॅसचं सिलिंडर बदलण्यासारखंच ते. बदलावं लागतं, बदलताना चिडचिड होते, आणि बदललं म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. पण त्या उन्हाळ्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, आप्पांच्या कॉटला लागून ठेवलेल्या टेबलावर, तेच काम माझ्या मानगुटीवर बसलं आणि उतरता उतरेना.

आप्पा म्हणजे माझे वडील. मंद्रूपच्या पलीकडे आमचं गाव. मेंढरं कधीचीच विकली, शेत वाट्यानं दिलं, आणि थोरल्या भावानं घेतलेल्या या फ्लॅटमध्ये आई-आप्पा येऊन राहिले. आई हिवाळ्यात गेली. मग आप्पांकडे कोण, असा प्रश्न निघाला. थोरला टेंभुर्णीला ट्रकांच्या धंद्यात, त्याला रात्रंदिवस फोन. मधला नाशिककडे नोकरीला, त्याच्या मुलाची दहावी. राहिले मी. लग्न केलेलं नाही, म्हणजे रिकामी. शिवाय काम लॅपटॉपवर. "लॅपटॉप काय, कुठंही उघडता येतो," थोरला म्हणाला. उघडता येतो हे खरं आहे. उघडल्यानंतरचं सगळं अवघड असतं, ते ट्रकवाल्याला कोण सांगणार.

आप्पांना पुण्याला नेऊन पाहिलं होतं. बाल्कनीत उभं राहून ते समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या बघत बसायचे. जेवण अर्ध्यावर आलं. एके सकाळी पिशवी भरून दारात उभे, "मला सोड सोलापूरला." सोडलं, आणि पाठोपाठ मीही आले, ऑफिसची परवानगी काढून.

आमची कंपनी छोटी. एक संस्था गावोगावी शेळ्या-मेंढ्यांना लसी टोचते, तिच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. संस्थेची माणसं कळपापर्यंत जातात, मोबाइलवर नोंद करतात, आणि ती नोंद आमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडते. तो डेटाबेस पुण्याच्या एका मशीनवर. मला रोज इंटरनेटवरून तिथं पोचावं लागायचं. आणि आमच्या गल्लीत पाइपलाइनची खोदाई सुरू होती. आज हा कोपरा, उद्या तो. फावडं कुठंही पडो, केबल आमचीच तुटायची. मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलं की लाइन गेली. चार माणसांसमोर गोठलेला, अर्धवट डोळे मिटलेला माझा चेहरा तेवढा उरायचा.

मॅनेजर माझ्याहून लहान. माणूस वाईट नाही. पण त्यालाही वर उत्तर द्यावं लागतं. तो म्हणाला, "मॅम, असं चालणार नाही. अख्खा डेटाबेस तुमच्या लॅपटॉपवरच बसवा, म्हणजे लाइन गेली तरी काम अडणार नाही. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये नवं व्हर्जन तिथूनच चालवून दाखवा. चाललं तर सोलापुरातच राहा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून पुणे, सगळ्यांसारखं."

मला पुण्याला जायचं नव्हतं. जाणं म्हणजे आई गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आप्पांना एकट्याला सोडणं. नोकरी सोडणंही जमण्यातलं नव्हतं. म्हणून तो डेटाबेस बसणं भाग होतं.

आणि ज्यांच्यासाठी ही सगळी धडपड, ते आप्पा जगाला काय सांगत होते? की मी एकटा राहतो.

दूधवाला विचारायचा, "आजोबा, सोबत कोण असतं?" हे म्हणायचे, "कोन न्हाय. एकलाच हाय." आतल्या खोलीत मी कणीक मळत असायचे. औषधाच्या दुकानात तेच. खालच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब राहतं, त्यातल्या बाईंनी जिन्यात विचारलं तरी तेच. त्या बाई मला रोज बघतात, त्यांनी माझ्याकडे नुसती भुवई उडवली. बीपी दाखवायला नेलं तर डॉक्टरांनी विचारलं, घरी बघायला कोण आहे? "कोन हाय? एकलाच हाय मी." मी शेजारी फाइल धरून उभी. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी यांना रिक्षातून उतरवून घ्यायला मदत करणारी कुणीतरी वाटसरू आहे. परतताना मी रिक्षात फाइल मांडीवर घेऊन फुगून बसले. आप्पांच्या ते लक्षातही आलं नसावं. ते रस्त्यावरची खोदाई बघत होते.

पहिल्यांदा सोडून दिलं. मग मी दर वेळी बाहेर येऊन सांगायला लागले, "दोघं आहोत आम्ही." आप्पा तोंड वळवून दुसरीकडे बघायचे.

वाईट वाटायचं, पण नवीन नव्हतं. आईचंही असंच होतं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या ओटीवर, एखादी बाई विचारायची, "लेकरं किती गं तुला?" आई म्हणायची, "दोन." मी तिचा पदर धरून उभी असायचे. दोन म्हणजे दोघे भाऊ. तिसरी मी, धाकटी. लहानपणी मला वाटायचं की आई विसरते. कॉलेजात गेल्यावर कारण कळलं असं मला वाटलं. मुलगी होते ना. वर्गातल्या बऱ्याच जणींकडे अशा गोष्टी होत्या, त्यात माझीही बसली. राग गिळून मी शिकत गेले, पुण्याला गेले, कमावती झाले. आई आजारी असताना तिचं सगळं मी केलं, पण तो "दोन" मी विसरले नाही.

असो. तर डेटाबेस.

सोमवारी सकाळी बसले. लॅपटॉपमध्ये कुठल्याशा जुन्या कामाचा एक डेटाबेस आधीच ठाण मांडून होता, आणि नव्याला जायचं तेच दार त्यानं अडवलेलं. त्याला उठवायचं तर त्याचा पासवर्ड हवा. तो मी कुठं लिहून ठेवला होता, देवाला ठाऊक. शोधाशोध चालू असताना पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की बाकी जग थांबतं. टाकी, पिंप, बादल्या, मग हांडे, मग आप्पांचा आग्रह म्हणून तांब्यासुद्धा. भरून परत येते तोवर लॅपटॉपनं आपल्या मनानं स्वतःला अपडेट करायला घेतलेलं. निळ्या पडद्यावर फिरणारं ते चक्र बघत मी ओल्या हातांनी बसून राहिले.

आप्पा कॉटवरून विचारायचे, "बसला का?"

"बसतोय."

"आज बसंल का?"

"आप्पा, मला काम करू द्या."

थोरल्यानं त्यांना फोनवर पुण्याचं सांगितलेलं होतं. त्यावर आप्पा मला एका शब्दानं बोलले नव्हते, थांब नाही की जा नाही. फक्त चहाच्या वेळी, आंघोळीहून आल्यावर, जेवताना, तेवढंच एक. बसला का? मला त्या प्रश्नाचा वीट आला होता.

जुना डेटाबेस कसाबसा काढला. नवा बसला. मग पुण्याहून डेटाची भली मोठी फाइल उतरवून घ्यायची, आणि केबल तुटलेली. मोबाइलवरून उतरवायला घेतली, दिवसाचं नेट संपलं. आप्पांच्या मोबाइलवरून घेतली, त्यांचंही संपलं. ती फाइल मी अखेर टेंभुर्णीहून आलेल्या थोरल्याच्या मोबाइलवरून ओढली. तो आप्पांना आंबे द्यायला आला होता, पाचेक मिनिटांत निघणार होता. फाइल उतरेपर्यंत त्याला बसावं लागलं. तेवढ्यात आप्पांशी त्याच्या चार गोष्टी झाल्या, हा या कामाचा एकुलता एक फायदा.

मग डेटा भरायचा. या डेटाबेसचा स्वभाव कडक. आधी गावं भरा, मग मालक, मग त्यांचे कळप, मग एकेक जनावर. गाव नसेल तर मालक घेणार नाही, कळप नसेल तर मेंढी घेणार नाही. प्रत्येकाला कुणाचं तरी असावं लागतं. मला त्याचा हा कडकपणा आवडतो. निदान तो तोंडावर सांगतो. मालकांची नावं, फोन वगैरे पुण्याच्या पोरांनी आधीच पुसून तिथं नुसते क्रमांक घातले होते. गावांची नावं तेवढी खरी.

गावं भरली, मालक भरले, कळप भरले, जनावरं भरली. मी चहा ठेवायला उठले. परत आले तर सगळं रिकामं. नव्या व्हर्जनमध्ये आम्हीच एक तपासणी घातली होती. मालकानं कळपात किती जनावरं सांगितली, आणि प्रत्यक्ष किती जनावरांच्या कानात बिल्ला मारला, हे दोन आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर डेटाबेस सगळंच परत टाकतो. एकानं चूक केली की अख्ख्या वर्गाला उभं करणाऱ्या मास्तरांसारखं.

पुण्याला विचारलं. पोरं म्हणाली, आमच्याकडे तर चालतंय. चालणारच. त्यांच्या मशीनवर डेटा आधीचा, तपासणी नंतरची. जुन्याला कुणी हात लावला नव्हता. माझ्याकडे सगळं पहिल्यापासून रचायचं म्हणून ते अडत होतं. एक जण म्हणाला, मॅम, तपासणी बंद करा आणि मोकळ्या व्हा. पण शुक्रवारी तीच तपासणी तर दाखवायची होती. मला वाटलं फाइल अर्धवट उतरलीय. मग वाटलं बसवताना काही चुकलंय. सगळं पुसलं, परत बसवलं, परत भरलं. परत रिकामं. परत पुसलं. कूलरच्या घरघरीत माझं डोकं इतकं जड झालं की बंद लॅपटॉपकडे बघूनसुद्धा रडू येईल असं वाटायला लागलं. पुण्यातली माझी खोली, तिथला डबा, ऑफिसातली खुर्ची डोळ्यांसमोर यायला लागली. आप्पांच्या औषधांच्या वेळा खालच्या बाईंना कशा सांगायच्या, हेही मनात मांडून झालं.

गुरुवारी दुपारी शेवटचा उपाय म्हणून मी नाकारलेले कळप वेगळे काढले आणि नुसते वाचत बसले. खरं म्हणजे हे आधीच करायला हवं होतं, पण थकलेलं माणूस आधी तेच तेच करतं. गावं सगळी आमच्याच बाजूची निघाली. मी लहानपणी पायी गेलेली गावं. काही कळपांत आकड्यांचा नुसता गोंधळ होता, तो नेहमीचा. पण बाकीच्यांत सांगितलेला आकडा आणि बिल्ल्यांचा आकडा यांत फरक एकाचा. पुढच्या कळपात एकाचा. त्याच्या पुढच्यातही एकाचाच. आणि दर वेळी सांगितलेलाच कमी. घाईत झालेली चूक इतकी शिस्तीत होत नाही.

माझा हात की-बोर्डवरून बाजूला झाला. हे मला माहीत होतं. आमच्या घरात मेंढरांचा पुरा आकडा कधीच कुणाला सांगत नसत. व्यापारी असो, पाहुणा असो, नाहीतर सरकारी माणूस. एकदा संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरताना मी बोट दाखवून मोठ्यानं मोजायला लागले, तर आईनं हातावर चापट मारली होती. पुण्यात राहून राहून मी ते असं विसरले, की ती तपासणी लिहिताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आप्पा तोंडावर टॉवेल टाकून पडले होते. झोपलेले नव्हते.

"आप्पा, मेंढरं किती म्हणून कुणी विचारलं तर तुमी एक कमी सांगायचा न्हाय का?"

"मग? पुरी सांगत्यात व्हय कुनी? नजर लागती."

"पण कमी कुठलं करायचं? म्हातारं? लंगडं?"

त्यांनी टॉवेल काढला आणि मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय असं माझ्याकडे पाहिलं. "त्याला कुनाची नजर लागनार हाय? जे लई आवडतं, ते वगळायचं. ज्याच्यात जीव आडकलाय, ते. ते मोजायचंच न्हाय." मग पुन्हा टॉवेल ओढत म्हणाले, "तुजा त्यो बसला का?"

"बसंल आता."

म्हणजे संस्थेच्या माणसानं मालकाला विचारलं, मालकानं एक कमी सांगितलं, त्यानं ते लिहिलं. मग सुई घेऊन तो कळपात शिरला आणि एकूण एक मेंढीच्या कानात बिल्ला मारला. दोघांचंही खरं. चूक आमची, की आम्ही ते दोन आकडे एक मानले. मी सांगितलेला आकडा वेगळा ठेवला, बिल्ल्यांचा वेगळा, आणि तपासणीला सांगितलं की पहिल्याच्या वाटेला जाऊ नकोस. गावं, मालक, कळप, जनावरं. या वेळी सगळं जागच्या जागी राहिलं. मला आनंद वगैरे झाला नाही. भांडी पडली होती, ती घासली.

शुक्रवारी केबल तुटलेलीच होती. मोबाइलवरून मीटिंगमध्ये शिरले, लॅपटॉपवरून सगळं चालवून दाखवलं. मॅनेजरनं विचारलं, "हे एकाचं गणित तुम्हाला कळलं कसं?" वडील काय करायचे, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी आजवर "शेती" म्हणत आले. तेवढ्यावर लोक गप्प बसतात. त्या दिवशी खोटं बोलायचीही ताकद नव्हती. म्हटलं, "आमच्या घरी मेंढरं होती. आम्हीही असंच सांगायचो." कुणीतरी हसलं, कुणीतरी "इंटरेस्टिंग" म्हणालं. मग मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे मॅम, तिथूनच चालू ठेवा. दिवाळीनंतर बघू."

कानातले इयरफोन काढून मी तशीच बसून राहिले. दिवाळी लांब होती. आप्पांना सांगावं म्हणून उठणार, तोच बेल वाजली.

आप्पांनी दार उघडलं. घरोघरी नोंद करत फिरणारी एक बाई होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हानं चेहरा लाल झालेला. तिनं पाणी मागितलं नाही, थेट विचारलं, "आजोबा, घरात माणसं किती?"

"येक."

"एकटेच राहता?"

"व्हय. एकलाच हाय."

बाईनं दाराशी काढलेल्या माझ्या चपलांकडे पाहिलं असावं, कारण तिनं परत विचारलं, "नक्की? दुसरं कुणी नाही?"

"कोन न्हाय म्हटलं की."

मी सवयीनं निघाले होते. जाऊन सांगायचं, दोन लिहा, आम्ही दोघं आहोत. खोलीच्या दारावरच्या पडद्यापर्यंत पोचले आणि तिथंच थांबले. कालची दुपार आठवली. टॉवेल बाजूला करून बघणारे आप्पा आठवले. ज्याच्यात जीव अडकलाय ते वगळायचं.

मग आई आठवली. लग्नाचा मांडव, कुणीतरी बाई, "दोन" म्हणणारी आई. आणि ते म्हणताना माझ्या डोक्यावरून मागं जाणारा तिचा हात, मला तिच्या पदराआड सरकवणारा. तो हात मला कायम आठवत होता. मला लपवतेय, एवढंच मला त्यातून कळलं होतं. कुणापासून आणि कशासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ती नाही. मला फार रडू आलं. तोंडावर ओढणी दाबून मी पडद्यामागं उभी राहिले.

ती बाई उद्या हा आकडा कुठल्यातरी डेटाबेसमध्ये पाठवणार. तिथं दुसऱ्या कुठल्या यादीत याच पत्त्यावर दोन माणसं असतील, आणि कुणीतरी माझ्यासारखंच डोकं धरून बसेल की इथं एक माणूस कमी कसं. मला सगळं माहीत होतं. तरी मी बाहेर गेले नाही.

बाईनं एक लिहिलं आणि ती वरच्या मजल्यावर गेली. आप्पांनी दार लावलं, आत आले, माझे डोळे बघितले आणि न बघितल्यासारखं केलं.

"बसला का?" त्यांनी विचारलं.

"बसला, आप्पा. आता हितंच."

ते कॉटवर टेकले. मी स्वयंपाकघरात गेले आणि परातीत भाकरीचं पीठ काढलं, दोघांचं.